स्नानसंस्काराचीं वचनें

ईस्टर सणाच्या आदल्या रात्रीं कॅथॉलिक देवळांत सर्व दिवे मालवून विधीला आरंभ होतो. बाहेर नवा अग्नि पेटवितात, त्यावर पुनरुत्थानाची मोठी मेणबत्ती लावितात, आणि तिच्या ज्योतीवरून भाविक आपापल्या हातांतील लहान मेणबत्त्या पेटवून घेतात. शास्त्रपाठ होतात, पाण्याला आशीर्वाद दिला जातो, आणि नंतर धर्मगुरु सर्व मंडळीला सहा प्रश्न विचारतात. पहिले तीन कशाचा त्याग करतां याविषयींचे, पुढचे तीन कोणावर विश्वास ठेवतां याविषयींचे. मंडळी सहा वेळां उत्तर देते, तिच्यावर पाणी शिंपडलें जातें, आणि मिस्सा पुढें चालू होते. सारें काम चार-पांच मिनिटांचें. त्यांतही मेणाचे थेंब नव्या लुगड्यावर सांडूं नयेत या चिंतेंत पुष्कळांचें अर्धें लक्ष गुंतलेलें असतें.

हीं सहा उत्तरें म्हणजेच स्नानसंस्काराचीं वचनें. त्यांचा थोडा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. आमच्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बाकावर बसतात. तेव्हां जे वाचक ख्रिस्ती नाहींत त्यांच्याकरितां इतकें सांगतों कीं, स्नानसंस्कार अथवा बाप्तिस्मा हा ख्रिस्ती जीवनाचा दरवाजा आहे. 'बाप्तिस्मा' हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ बुडविणें. पाण्यांत बुडून वर येणें ही ख्रिस्ताबरोबर मरण्याची व त्याच्याबरोबर पुन्हां उठण्याची खूण होय, असें संत पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत सांगितलें आहे. हा संस्कार मनुष्याला जन्मांत एकदांच मिळतो. वचनें मात्र पुन्हां पुन्हां उच्चारावयाचीं असतात. असें कां, हें समजलें म्हणजे त्या वचनांचें मर्म समजलें असें आम्हांस वाटतें.

पहिल्यानें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, येथें 'होय' म्हणण्यापूर्वीं 'नाहीं' म्हणावें लागतें. चौथ्या शतकांतील जेरुसलेमचे धर्माध्यक्ष संत सिरिल यांच्या नांवानें चालत आलेल्या प्रवचनांत या भागाचें हृदयंगम वर्णन आहे. संस्कार घेणारीं माणसें प्रथम स्नानगृहाच्या ओसरीवर पश्चिमेकडे तोंड करून उभीं राहत. पश्चिम ही मावळतीची दिशा, अंधाराची दिशा. तिकडे हात लांब करून तीं सैतानाशीं बोलत; परक्याविषयीं बोलावें तसें नव्हे, तर समोर उभ्या असलेल्या जुन्या धन्याला चाकरी सोडतांना तोंडावर सांगावें तसें. मग तीं वळून पूर्वेकडे तोंड करीत आणि देवावरील आपला विश्वास प्रकट करीत. त्यानंतर आंत जाऊन जुनीं वस्त्रें उतरावयाचीं, अंगाला तेल लावून घ्यावयाचें, आणि पाण्यांत तीनदां बुडावयाचें. मनुष्याला एकाच वेळीं दोन दिशांना तोंड करतां येत नाहीं, हें लहान मुलालाही कळतें. जिभेनें बोललेलें विसरतें. शरीर वळलें तें सहसा विसरत नाहीं.

आणि त्या काळीं हें वळणें स्वस्त नव्हतें. 'प्रेषितीय परंपरा' या नांवाचा एक जुना ग्रंथ आहे. तो रोमचे हिप्पोलितस यांचा म्हणून सांगतात आणि तिसऱ्या शतकाच्या आरंभाचा मानतात. त्यांत संस्कारापूर्वीं तीन वर्षेंपर्यंत शिक्षण घ्यावें असें म्हटलें आहे, आणि कोणकोणते धंदे सोडून यावें याची यादीच दिली आहे. मूर्ति घडविणारा, कुंटणखाना चालविणारा, तलवारबाज मल्ल असे लोक तींत आहेतच. पण मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकाचेंही नांव आहे! त्या वेळच्या शाळांत देवदेवतांच्या कथा शिकवाव्या लागत, म्हणून त्यानें तो धंदा सोडणें बरें. मात्र दुसरें कांहीं काम येत नसेल तर त्याला राहूं द्यावें, अशी सवलतही लगेच दिली आहे. आम्हां शिक्षकवर्गाची ही स्थिति सतराशें-अठराशें वर्षांत फारशी बदलली नाहीं, असें वाचतांना मनांत आलें.

तीन त्यागांपैकीं पहिला सैतानाचा. या नांवाचें आजच्या मुलांना हसूं येतें, कारण नाटकांतला शिंगें-शेपटीचा प्राणी त्यांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. धर्मसभेची शिकवण त्या चित्राहून गंभीर आहे. सैतान हा देवाच्या तोडीचा दुसरा देव नव्हे. तो देवानेंच निर्माण केलेला, पण आपल्या इच्छेनें देवाविरुद्ध गेलेला आत्मा आहे. जो मनुष्य एखाद्या व्यसनाशीं कधीं झगडला आहे, त्याला वाईटालाही एक प्रकारची इच्छाशक्ति असते हें पटवून द्यावें लागत नाहीं. दुसरा त्याग सैतानाच्या कृत्यांचा, म्हणजे पापाचा. दहा आज्ञा पाठ असलेल्या विद्यार्थ्याला त्यावर अधिक सांगणें नको.

तिसऱ्या त्यागापाशीं मात्र थांबलें पाहिजे. लॅटिन विधींत येथें 'पोंपा' असा शब्द आहे. तोही मूळ ग्रीक, आणि त्याचा साधा अर्थ मिरवणूक. रोमन नगरांत रथांच्या शर्यती सुरू होण्यापूर्वीं देवतांच्या प्रतिमांची मोठी मिरवणूक निघे. तिला हें नांव होतें. कार्थेजच्या तर्तुल्लियन या लेखकानें इ. स. २०० च्या सुमारास खेळतमाशांवर एक निबंध लिहिला. त्यांत त्याचा मुख्य मुद्दा हाच कीं, पाण्यांत उभें राहून ज्यानें सैतानाच्या मिरवणुकीचा त्याग केला, त्यानें त्या मिरवणुकीनें सुरू होणाऱ्या खेळांना जाऊन बसावें हें विसंगत आहे. शिवाय त्या रंगणांत माणसें मारलीं जात आणि लोक टाळ्या वाजवीत. तर्तुल्लियन हा फार कडक मनुष्य होता, आणि पुढें तो एका अतिरेकी पंथांतही गेला. त्याचें सारेंच म्हणणें घ्यावें असें नाहीं. पण हा शब्द त्यानें अचूक पकडला.

आपल्या मराठींत तर या शब्दाचा अर्थ अधिकच उघडा होतो. 'मिरवणूक' आली ती 'मिरविणें' यावरून. सैतानाचें सर्वांत मोठें कार्य काळोखांत होतें असें आपण समजतों; वस्तुतः तें भर उजेडांत, बँड लावून, चार लोकांनीं पाहावें म्हणून होतें. एखाद्या बालकाच्या स्नानसंस्काराचाच दिवस घ्या. सकाळीं देवळांत आईबाप पोंपाचा त्याग करतात, आणि संध्याकाळीं मांडवांत त्याच पोंपाला पाट मांडून बसवितात. ध्वनिक्षेपकानें आळी दणाणते, मद्याची रेलचेल होते, शेजाऱ्यानें तीनशें पानें घातलीं म्हणून आपण चारशें घालावयाचीं, आणि त्यासाठीं कर्ज काढावयाचें! बाळ बिचारें पाळण्यांत दचकून रडत असतें. आनंद करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं; काना येथील लग्नांत द्राक्षारस कमी पडला तेव्हां प्रभूनें तो पुरविला होता. पण पाहुण्यांना तृप्त करणें निराळें आणि पाहुण्यांना दिपविणें निराळें.

तथापि जेवणावळ ही लहान गोष्ट आहे. आमच्या लोकांतील सर्वांत चिवट मिरवणूक कुळाची. बाप्तिस्मा घेतलेल्यांनीं ख्रिस्ताला परिधान केलें आहे, म्हणून त्यांच्यांत यहुदी व ग्रीक, दास व स्वतंत्र असा भेद उरत नाहीं, असें पौल गलतीकरांस बजावतो. संस्काराच्या वेळीं जें शुभ्र वस्त्र देतात तें याच परिधानाचें चिन्ह. असें असून गोव्याच्या ख्रिस्ती समाजांत बामण, चार्दो, सुदीर हे भेद चार शतकांनंतरही सोयरिकीच्या वेळीं डोकें वर काढतात. तामिळनाडूंत कांहीं गांवीं दलित ख्रिस्ती मृतांना स्मशानभूमींतही निराळी जागा मिळाली आहे. आमच्या महाराष्ट्रांत मुलीला स्थळ पाहतांना पहिला प्रश्न कोणता असतो, हें आम्हीं लिहावयास नको. शुभ्र वस्त्राच्या आंत जुनें वस्त्र तसेंच ठेवलें, तर तें वस्त्र बदलणें नव्हे.

आतां 'होय'कडे वळूं. प्राचीन काळीं पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांजवरील विश्वासाविषयीं तीन प्रश्न विचारीत आणि प्रत्येक उत्तराबरोबर एकेकदां पाण्यांत बुडवीत. आज आपण जो 'प्रेषितांचा विश्वासांगीकार' म्हणतों, तो रोम येथील याच प्रश्नोत्तरांपासून वाढत गेला. देव आहे असें मानणें ही एक पायरी; देव सांगतो तें खरें मानणें ही दुसरी; आणि त्याच्यावर भार टाकून त्याच्याकडे चालूं लागणें ही तिसरी. संत ऑगस्तीन यांनीं हा भेद मार्मिकपणें दाखविला आहे, आणि वचनांतला 'होय' या तिसऱ्या पायरीचा आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांनीं जानेवारी १५४४ मध्यें लिहिलेल्या पत्रांत दक्षिणेकडील मोतीं काढणाऱ्या कोळ्यांचें वर्णन आहे. एकेक कलम म्हणून झालें कीं ते त्यांना विचारीत, हें मानतां ना? आणि ते लोक छातीवर हातांची घडी घालून मोठ्यानें होकार देत. शब्द त्यांच्याच तामिळ भाषेंत होते, हें विशेष.

यानंतर तो प्रश्न येतो जो धर्मशिक्षणाच्या तासाला दर एक-दोन वर्षांनीं कोणीतरी धीट विद्यार्थी विचारतोच: जें वचन मीं दिलेंच नाहीं, तें मीं कां पाळावें? हा प्रश्न उद्धटपणाचा आहे असें आम्ही मानीत नाहीं. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाप्रमाणें धर्मगुरु तान्ह्या बालकाला त्याच्या नांवानें हांक मारून 'तूं त्याग करतोस काय' असें विचारीत, आणि बालकाच्या वतीनें धर्मपिता किंवा धर्ममाता उत्तर देत. साडेतीनशें वर्षें ही रीति चालली. मग दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें १९६३ सालीं ठरविलें कीं, बालकांचा विधि बालकांच्या खऱ्या स्थितीला जुळेल असा करावा, आणि आईबाप व धर्ममातापिता यांचें कर्तव्य त्यांत स्पष्ट दिसावें. त्यानुसार १९६९ सालीं नवा विधि प्रसिद्ध झाला. त्यांत प्रश्न बालकाला नाहींत. ते आईबापांना व धर्ममातापित्यांना आहेत, आणि त्यांनीं स्वतःच्या विश्वासाविषयीं उत्तर द्यावयाचें आहे.

हा फरक पुष्कळांच्या लक्षांतच आलेला नाहीं. पूर्वीं बाप बालकाच्या नांवामागें लपूं शकत असे. आतां तो उघडा पडला आहे. जो वर्षानुवर्षें प्रार्थनेला उभा राहिला नाहीं, तो स्नानकुंडापाशीं जें बोलतो तें बाळाचें वचन नव्हे, त्याचें स्वतःचें आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेंत असेंही सांगितलें आहे कीं, मूल कॅथॉलिक विश्वासांत वाढविलें जाईल अशी साधार आशा पाहिजे. ती अजिबात नसेल तर कारण समजावून संस्कार पुढें ढकलावा. धर्मपिता किंवा धर्ममाता सोळा वर्षें पूर्ण झालेली, दृढीकरण झालेली आणि विश्वासाला साजेल असें वागणारी व्यक्ति असावी, असाही नियम आहे. सोन्याची साखळी घालण्याची ऐपत असावी असा नियम कोठेंही आढळत नाहीं.

मग त्या विद्यार्थ्याला उत्तर काय? एक उत्तर रामायणांत अर्धें सांपडतें. कैकेयीला वर दिले दशरथानें, आणि वनांत गेला राम. वर देतांना रामाला कोणीं विचारलें नव्हतें. 'हें वचन माझें नव्हे' असें तो म्हणूं शकला असता, आणि त्यावेळीं अयोध्येचे लोक त्याच्याच बाजूचे होते. त्यानें बापाचा शब्द आपला केला, म्हणून आपण आज त्याचें नांव घेतों. परंतु त्याला बांधून वनांत नेलें असतें, तर त्या जाण्याला पितृभक्ति कोणीं म्हटलें असतें?

उत्तराचा दुसरा अर्धा भाग मात्र निराळा आहे, कारण स्नानसंस्कार म्हणजे व्यवहार नव्हे. मरणोन्मुख बालकाला, धर्मगुरु जवळ नसल्यास, दवाखान्यांतील परिचारिकाही बाप्तिस्मा देऊं शकते. ती हिंदु असो कीं मुसलमान असो, धर्मसभा जें करते तें करण्याचा हेतु धरून तिनें पाणी ओतून पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नांवाचे ठरीव शब्द उच्चारले म्हणजे संस्कार पूर्ण होतो. तेथें वचनें विचारण्यास सवड नसते, तरी त्यांत उणें कांहीं राहत नाहीं. यावरून वचन ही संस्काराची किंमत नाहीं हें उघड आहे. देणगी आधीं येते. वचन हें घेणाऱ्याचें प्रत्युत्तर आहे, आणि तें आपल्या मालकाची वाट पाहत थांबूं शकतें. प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतांना, दृढीकरणाच्या वेळीं, आणि दर वर्षीं ईस्टरच्या जागरणांत, तें वाट पाहणें संपविण्याची संधि मिळते. संत लुई द माँफोर्त (१६७३–१७१६) हे फ्रान्सच्या पश्चिम भागांत गांवोगांव उपदेश करीत, तेव्हां लोकांकडून हीं वचनें पुन्हां वदवून घेत व करारपत्रावर त्यांच्या सह्याही घेत. ईस्टरच्या रात्रीं सर्व मंडळीनें तीं एकत्र उच्चारण्याचा परिपाठ मात्र १९५१ पासूनचा. तो पोप बारावे पायस यांनीं सुरू केला.

मोठें झाल्यावर एखाद्यानें 'नाहीं' म्हटलें तर? १५२२ सालीं इरॅस्मस या पंडितानें सुचविलें होतें कीं, मुलें वयांत आल्यावर त्यांना हीं वचनें समजावून द्यावीं व मान्य आहेत काय असें विचारावें. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५४७ सालीं याच सुमाराचें एक मत निषिद्ध ठरविलें: जीं मुलें नाकारतील त्यांना त्यांच्या मर्जीवर सोडावें व संस्कारांपासून दूर ठेवण्यापलीकडे त्यांना कसलीही सक्ति करूं नये, असें तें मत होतें. परिषदेचा एक हेतु आम्हांस समजतो. स्नानसंस्काराचा शिक्का माणसाच्या नाकारण्यानें पुसला जात नाहीं. पण सक्तीचा जो भाग त्यांत आहे, तो राजदंड व धर्मदंड एकाच हातांत असलेल्या युगाचा आहे, आणि त्याचें समर्थन करण्याची आमची इच्छा नाहीं.

सक्तीनें काय होतें हें इतिहासानें दाखविलें आहे. शार्लमेन राजानें सॅक्सन लोकांशीं ७७२ पासून ८०४ पर्यंत युद्ध केलें आणि बाप्तिस्मा नाकारणाऱ्याला मरणाची शिक्षा ठरविली. जुन्या सॅक्सन भाषेंतील एक त्यागवचन आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयांतील हस्तलिखितांत आहे. त्यांत सैतानाबरोबर थुनेर, वोडन आणि सॅक्सनोत या देवांचींही नांवें घेऊन त्याग करविला आहे. राजाच्याच मर्जींतील विद्वान अल्क्विन यानें ७९६ सालीं पत्रें लिहून बजावलें कीं, विश्वास ही स्वेच्छेची गोष्ट आहे. माणसाला तिकडे ओढून घेतां येईल, ढकलतां येणार नाहीं. हा विषय आमच्या किनाऱ्यालाही परका नाहीं. १५५९ सालीं पोर्तुगालच्या राजाच्या हुकुमानें गोव्यांतील आईबाप व आजा-आजी नसलेलीं हिंदु मुलें संत पौल विद्यालयाच्या ताब्यांत देऊन त्यांचा बाप्तिस्मा करावा असें ठरलें, आणि पुढील वर्षीं तेथें इन्क्विझिशन आलें. हें झांकून ठेवण्यांत धर्माचा कसलाही मान नाहीं. विश्वासाच्या बाबतींत कोणावरही जबरदस्ती होतां कामा नये, असें दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें १९६५ सालीं निःसंदिग्धपणें जाहीर केलें. अल्क्विननंतर जवळजवळ बाराशें वर्षांनीं! त्याच गोमंतकांत फादर थॉमस स्टीफन्स यांनीं नव्या ख्रिस्ती लोकांसाठीं मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलें व तें १६१६ सालीं छापलें गेलें, हें सांगितल्यावांचून पुढें जाणें अन्यायाचें होईल. ज्यांनीं वचन दिलें होतें, त्यांना तें स्वतःच्या भाषेंत समजावें, एवढी काळजी तरी त्या मनुष्यानें घेतली.

वचन खरोखर कोणाचें, याची कसोटी विचारणारे निघून गेल्यावर लागते. वसईंत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मरण पावले. १६१४ सालीं तेथें ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली आणि धर्मगुरूंना हांकून देण्यांत आलें. पुढें नागासाकीच्या परिसरांत दर वर्षीं लोकांना रांगेनें बोलावून ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत. जो कचरेल तो ख्रिस्ती. उराकामी खेड्यांतील शेतकरी पाय ठेवीत, घरीं येत, आणि दारें लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. त्यांच्यांतलाच एक जण बालकांवर पाणी ओती. मंत्राचे लॅटिन व पोर्तुगीज शब्द पिढ्यानुपिढ्या कानांनीं शिकलेले, पुष्कळ झिजलेले.

१७ मार्च १८६५ रोजीं नागासाकीच्या ओउरा येथील नव्या देवळांत पतिजाँ नांवाच्या फ्रेंच धर्मगुरूंजवळ कांहीं स्त्री-पुरुष आले, आणि आमचें अंतःकरण तुमच्यासारखेंच आहे असें त्यांतील एका स्त्रीनें हळूच सांगितलें. बंदी तेव्हां उठली नव्हती. १८६७ पासून उराकामीच्या लोकांची धरपकड झाली, तीन हजारांहून अधिक माणसें दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केलीं गेलीं, आणि धर्म सोडा म्हणून त्यांचे हाल करण्यांत आले. १८७३ सालीं बंदीचे फलक काढले गेले व तीं परत आलीं. कांहीं वर्षांनीं त्यांनीं पैसा जमवून देवळासाठीं एक जागा विकत घेतली. १९१४ सालीं तेथें देऊळ झालें, १९४५ च्या अणुबाँबनें तें पडलें, १९५९ सालीं पुन्हां उभें राहिलें. ती जागा म्हणजे गांवच्या मुखत्याराचा जुना वाडा. वर्षानुवर्षें प्रतिमेवर पाय ठेवण्यासाठीं त्यांना बोलावीत तें त्याच वाड्यांत.